धान्याशिवायच्या चॉकलेट चिप कुकीज: कोकणातल्या दमट हवेत कोणाला जमल्या आहेत का?

सुरंगी | 9 एप्रिल, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावून लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी मदत मिळणार नाही.

माझी भाची पुण्याहून दर सुट्टीत आमच्याकडे वेंगुर्ल्याला येते. वय 9. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, तो आजार), तेव्हापासून गहू आणि जव पूर्ण बंद. त्याची घरात आता सवय झाली आहे. उलट इथे आली की ती खूश असते, कारण आमच्याकडे सकाळ घावण्याने नाहीतर आंबोळीने उजाडते. पण यंदा तिचं पोट पुन्हा कुरबुरतंय, म्हणून तिच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी सहा आठवडे सगळीच धान्यं काढली आहेत. तांदूळ नाही, नाचणी नाही, मकाही नाही. नंतर एकेक करून परत आणणार आहेत. म्हणजे यंदा घावणंही नाही.

मागच्या मे महिन्यात बाजारातल्या बेकरीसमोर नानखटाईचा ट्रे नुकता बाहेर आला होता. ती थांबली आणि मला विचारलं, "आत्या, वास घेतलेला चालतो ना?" ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिला चॉकलेट चिप कुकी खूप आवडायची. ती घरी करून तिच्या हातात द्यायची आहे, आणि ती खाताना तिला पथ्याचं काहीतरी खातोय असं वाटता कामा नये.

आतापर्यंत दोन प्रयोग झाले.

पहिला बदामाच्या पिठाचा. नेटवर मिळालेली अमेरिकन कृती, त्यात खोबरेल तेल. ट्रेमध्ये बारा गोळे ठेवले आणि दहा मिनिटांनी पाहिलं तर सगळ्यांचं मिळून एकच धिरडं झालेलं.

दुसरा घरच्या काजूचा. चव अप्रतिम. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर सगळ्या सादळलेल्या, बोटाने दाबल्या की खळगा पडत होता. शिवाय चॉकलेट चिप्सवर पांढरट थर आला होता. बुरशी समजून मी सगळ्या टाकून दिल्या.

तर पसरणं, सादळणं आणि तो पांढरा थर, या तिन्हींवर उपाय हवे आहेत. बदामाचं पीठ परत आणायची इच्छा नाही. दारात काजू असताना ते परवडतही नाही आणि मनालाही पटत नाही.

---

खाडीकाठ | 9 एप्रिल, रात्री 10:40

नाचणीच्या करून पाहा. आमच्याकडे नाचणी आणि गुळाची बिस्किटं फार छान होतात, कृती देऊ का?

---

सुरंगी | 9 एप्रिल, रात्री 10:46

@खाडीकाठ, आभार. पण नाचणी धान्यच आहे, सध्या तिला बंद आहे. कृती मात्र नक्की द्या, सहा आठवड्यांनंतर उपयोगी पडेल.

---

तांबडीमाती | 9 एप्रिल, रात्री 11:25

गे सुरंगी, आख्खे गर कित्याक वाटतंस? कणी घे. काजू फॅक्टरीत तुकडो आणि कणी वायली काढून ठेवतत, आख्ख्या गरापेक्षा खूप स्वस्त. पीठच करूचा आसा तर आख्खो गर कित्याक व्हयो? फक्त एक बघ, कणयेत साल ऱ्हवता. ती तांबडी साल पिठात गेली की तुरट लागता. कणी कढईत जराशी गरम कर, फडक्यात घेऊन चोळ आणि सुपात पाखड.

आणि मिक्सर सलग फिरवू नको. काजू तापलो की तेल सोडता, मगे पीठ नाय, लोणी गावता तुका.

---

पागोळी | 10 एप्रिल, सकाळी 7:05

सुरंगी, मी रत्नागिरीत घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते, 11 वर्षं झाली. धान्याशिवायच्या कुकीज गेली तीनेक वर्षं करतेय. तुझ्या दोन्ही प्रयोगांत काय झालं ते सांगते, कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो.

बदामाच्या पिठात स्टार्च अगदी थोडा असतो, तेल मात्र भरपूर. गव्हाच्या कुकीत ग्लुटेनचं जाळं आणि स्टार्च मिळून गोळ्याला धरून ठेवतात, इथे धरणारं काहीच नव्हतं. त्यात तू खोबरेल घातलंस. खोबरेल साधारण 24 अंशांच्या वर पातळ होतं. ज्या कृतीत ते डब्यातून चमच्याने कोरून घेतात, ती थंड स्वयंपाकघरातली कृती. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोबरेल बाटलीतून पाण्यासारखं पडतं. म्हणजे गोळा ओव्हनमध्ये जायच्या आधीच सैल होता.

काजूत स्टार्च बराच असतो, वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढा. म्हणूनच काजूकतलीची वडी धरते. तेव्हा तू काजूवर आलीस ते योग्यच केलंस. खोबरेलाऐवजी साजूक तूप घे, रवाळ, थिजलेलं. आणि गोळे करून ट्रेसकट फ्रीजमध्ये किमान एक तास ठेव. आपल्या हवेत ही पायरी गाळून चालतच नाही. फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, मध्ये ओट्यावर ठेवायचं नाही.

सादळण्याबद्दल: तू गोड कशाने केलंस? गूळ असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. गुळात इन्व्हर्ट साखर असते, ती हवेतलं पाणी ओढून घेते. पुण्यात गुळाची कुकी आठवडाभर टिकेल, वेंगुर्ल्यात एक दिवस. अर्धा गूळ, अर्धी साखर कर. पण पिठीसाखर विकतची घेऊ नकोस, तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लॉवर मिसळलेला असतो, आणि तो मक्याचा. साखर घरी मिक्सरला फिरव.

तीच गोष्ट बेकिंग पावडरची! हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण माझ्याकडून सुरुवातीला हीच चूक झाली होती. बेकिंग पावडरमध्ये सोडा, आम्ल आणि ती कोरडी राहावी म्हणून स्टार्च असतो, बहुतेक वेळा मक्याचा. धान्य पूर्ण वर्ज्य असेल तर फक्त खाण्याचा सोडा वापर. गूळ किंचित आंबट गुणाचा असतो, पाव चमचा सोड्याला तेवढा पुरतो. जास्त सोडा घातलास तर काजू पटकन काळपट होतो आणि साबणासारखी चव येते.

---

घाटावरची | 10 एप्रिल, सकाळी 9:30

पागोळी, काय सुरेख समजावलंत! बेकिंग पावडरमध्ये मका असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

एक सुचवू का? उपवासाला चालणारी पिठं धान्यात मोडत नाहीत ना? मग राजगिरा, शिंगाडा, वरी ही घालता येतील. आमच्याकडे उपवासाची बिस्किटं अशीच करतात.

---

सड्यावरचा | 10 एप्रिल, दुपारी 1:15

@घाटावरची, इथे थोडं सावध राहायला हवं. उपवासाला चालतं ते सगळं धान्य नसतंच असं नाही. वरी हे सरळसरळ धान्य आहे, नाचणीसारखंच. आमच्या आजोबांच्या काळी वरकस जमिनीत नाचणीबरोबर वरीही पेरत. उपवासाचा नियम परंपरेचा, पोटाचा नियम वेगळा.

माझ्या माहितीप्रमाणे असं:

शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचं फळ, धान्य नव्हे. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तोही धान्य नव्हे. राजगिरा आणि कुट्टू गवताच्या कुळातले नाहीत, म्हणून काटेकोर अर्थाने धान्यात येत नाहीत, पण दोन्ही स्टार्चने भरलेल्या बिया आहेत आणि काही आहारतज्ज्ञ त्यांनाही धान्यांच्या यादीतच धरतात. म्हणून राजगिरा घालायच्या आधी सुरंगीताईंनी भाचीच्या आहारतज्ज्ञांना विचारलेलं बरं. आपण इथे ठरवू नये.

आणि त्याहून महत्त्वाचं. राजगिरा किंवा शिंगाडा गावातल्या गिरणीतून दळून आणू नका. त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो आणि पहिल्या किलोभर पिठात तो उतरतो. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री' म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. यावरून कळेल किती थोड्याचा प्रश्न आहे. मुलीला सिलिअ‍ॅक आहे, तेव्हा घरच्या मिक्सरच्या भांड्याची रबरी चकतीसुद्धा काढून धुवा.

---

सुरंगी | 10 एप्रिल, दुपारी 3:50

सड्यावरचा, मिक्सरच्या चकतीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचल्या वाचल्या जाऊन काढून पाहिली. तिच्या खाचेत वाळलेलं पीठ होतं. भाची येण्याआधी एक भांडं फक्त तिच्यासाठी वेगळं घेणार आहे. ओव्हनचा ट्रेही वेगळा.

तांबडीमाती, कणी आणली! खरंच स्वस्त पडली. सुपात पाखडल्यावर वाटीभर साल निघाली.

आता माझा एक प्रश्न. आमच्याकडे आठवड्यातून तीन वेळा सोलकढी होते. रस काढून झाल्यावर चोथा उरतो, तो मी वालीच्या वेलाला घालते. हा चोथा वाळवून पीठ केलं तर ते म्हणजेच कोकोनट फ्लॉवर का? बाजारातल्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचल्यावर तसंच वाटलं.

---

पागोळी | 10 एप्रिल, रात्री 9:20

तेच! अगदी तेच. माझ्याकडे पाकीट कधी आलंच नाही, चोथाच वापरते. कारखान्यात तेल आणखी पिळून काढलेलं असतं एवढाच फरक.

असं कर. पहिलं दाट दूध आणि दुसरं पातळ दूध काढून झालं की चोथा फडक्यात घट्ट पिळ. परातीत पातळ पसर. कडक ऊन असेल तर दिवसभर, वर मलमलचं कापड. नसेल तर ओव्हनमध्ये 90-100 अंशांवर तासभर किंवा थोडा जास्त वेळ, मधूनमधून हलवत. रंग बदलता कामा नये. हातात कुसकरल्यावर कागदासारखा वाजला की झाला. मग मिक्सरला थांबत थांबत फिरव आणि चाळ. नीट वाळला नाही तर चार दिवसांत खवट वास येतो, म्हणून फ्रीजमध्येच ठेव.

पण प्रमाण सांभाळ. हे पीठ पाणी भयंकर पितं. काजूच्या पिठाइतकंच घातलंस तर कुकी घशाखाली उतरणार नाही. 200 ग्रॅम काजूला दोन मोठे चमचे, जास्तीत जास्त तीन. तेवढ्यानेच पसरणं निम्म्याने कमी होतं. खोबऱ्याचे तंतू जादा तूप धरून ठेवतात.

---

माड_पोफळी | 10 एप्रिल, रात्री 10:05

वाचतोय. आमची वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 ची झाडं आहेत, तुमच्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेल्या जाती. घरात काजू पोत्यांनी. ओले काजूगर वाटून कुकीत चालतील का?

---

पागोळी | 10 एप्रिल, रात्री 10:18

नाही हो, ओल्या गरात पाणी फार. त्यांची उसळच करा. घरी भट्टीत भाजलेले सुके चालतील, पण त्यांना धुराचा वास असतो. मला स्वतःला तो चॉकलेटबरोबर आवडतो, मुलांना आवडेलच असं नाही. सात नंबरचा गर मोठा, विकायला उत्तम, पिठासाठी मोडू नका. बाजारात डब्ल्यू 320 म्हणतात तो गर एका पौंडात 300 ते 320 बसतो, त्याहून मोठ्याला आणखी भाव. त्यातले फुटलेले ठेवा या कामाला.

---

चुलीपाशी | 11 एप्रिल, सकाळी 11:40

चॉकलेटबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

सुरंगी, तो पांढरा थर बुरशी नव्हता. टाकून दिल्यास त्याचं वाईट वाटलं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुकानातल्या फळीवरच ते अर्धवट वितळून पुन्हा गोठतं आणि चरबी वर येऊन पांढरी दिसते. खायला काहीच हरकत नाही, भाजल्यावर दिसतही नाही. दुसरा प्रकार फ्रीजचा. पाकीट फ्रीजमधून काढून लगेच उघडलं की दमट हवेतलं पाणी चॉकलेटवर बसतं, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळली की पांढरे खडबडीत डाग राहतात. तुझं बहुतेक हेच झालं असावं. चॉकलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. बाहेर काढल्यावर डबा तसाच बंद राहू दे, सामान्य तापमानाला आला की मगच उघड.

विकत घेताना मागची बाजू वाच. कोको बटरऐवजी वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. ते उन्हाळ्यात टिकतं, आकार धरतं, पण जिभेवर मेणचट राहतं. आणि तुझ्या भाचीसाठी खास म्हणजे, पाकिटावर गव्हाचा अंश असू शकतो असं लिहिलेलं असेल तर ते ठेवून दे, दुसरं घे. चॉकलेटात गहू कशाला असेल असं वाटतं, पण एकाच कारखान्यात वेफर आणि बिस्किटंही होतात.

चिप्सच हव्यात असंही नाही. ही कुकी मुळात 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, टोल हाऊस नावाच्या खानावळीत रूथ वेकफील्ड यांनी केली ती चॉकलेटची वडी सुरीने तोडून. चिप्स बाजारात आल्या त्यानंतर. मी डार्क चॉकलेटची वडी घेते आणि अडकित्त्याने कातरते. लहान-मोठे तुकडे पडतात. भुग्याने सगळी कुकी तपकिरी होते, मोठा तुकडा दातांखाली येतो.

---

खाडीकाठ | 11 एप्रिल, दुपारी 12:02

अडकित्त्याने! आमच्या घरात सुपारी खाणारं आता कोणी उरलं नाही, आजीचा अडकित्ता कपाटात पडून आहे. आजच काढते.

---

सुरंगी | 13 एप्रिल, रात्री 9:55

तिसरा प्रयोग जमला! इतका आनंद झालाय की ओटा न आवरता लिहायला बसले.

प्रमाण लिहून ठेवते. वाट्या प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून वजनाने:

काजूच्या कणीचं पीठ 200 ग्रॅम, चोथ्याचं पीठ 2 मोठे चमचे, तवकील (आरारूट) 2 मोठे चमचे, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ तेवढंच. गूळ 35 ग्रॅम, घरी दळलेली साखर 35 ग्रॅम. थिजलेलं तूप 50 ग्रॅम, एक अंडं, थोडा व्हॅनिला इसेन्स. कातरलेलं डार्क चॉकलेट 80 ग्रॅम. आणि किंचित जायफळ. जायफळ कृतीत नव्हतं, पण माझा हात गेलाच.

तूप, गूळ आणि साखर हाताने फेसून घेतलं, मग अंडं, मग कोरडं सगळं, शेवटी चॉकलेट. पीठ सैलसरच वाटतं, घाबरून आणखी चोथा घालू नये. दहा मिनिटं ठेवलं की चोथा पाणी पितो आणि आपोआप आवळतं. 25 ग्रॅमचे 19 गोळे झाले. ट्रेमध्ये ठेवून थोडे चपटे केले, कारण ही कुकी स्वतःहून फार पसरत नाही. फ्रीजमध्ये सव्वा तास. 165 अंशांवर 13 मिनिटं.

बाहेर काढल्यावर इतक्या मऊ होत्या की कच्च्या राहिल्या असं वाटून मी परत आत ठेवणार होते. पागोळींनी फोटो पाहून निरोपात सांगितलं, हात लावू नकोस. ट्रेवरच वीस मिनिटं निवू दिल्या आणि कडा कुरकुरीत, मधे मऊ! यजमानांनी दोन खाल्ल्या. यात मैदा नाही हे त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं.

तवकीलबद्दल एक सांगायचंय. दुकानात आरारूट मागितलं तर कॉर्नफ्लॉवर हातात मिळाला. दुकानदार म्हणाले, दोन्ही एकच. एकच नाही! कॉर्नफ्लॉवर मक्याचा. दुसरीकडून नीट बघून तवकील आणलं.

---

पागोळी | 13 एप्रिल, रात्री 10:10

वा! कडा बघ किती सुंदर आल्या आहेत. पुढच्या वेळी एक मिनिट आधी काढून पाहा. काजूच्या कुकीला तळातून आधी रंग येतो, वरून बघत बसलं तर उशीर होतो.

---

तांबडीमाती | 13 एप्रिल, रात्री 10:31

बरा झाला गे बाय. पोरग्याक माझ्यातर्फे एक जास्त दी.

---

लाल_भोपळा | 16 एप्रिल, सायंकाळी 6:20

माझा मुलगा 6 वर्षांचा, त्याला काजू-बदाम अजिबात चालत नाहीत, ओठ सुजतात. धागा वाचून सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचं पीठ करून याच प्रमाणात कुकीज केल्या. चव चांगली झाली. पण दुसऱ्या दिवशी मोडली तर आतून हिरवीगार! कोणी सांगू शकेल का, हे खायचं की टाकायचं?

---

पागोळी | 16 एप्रिल, रात्री 8:45

खायचं. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्यामुळे पीठ अल्कधर्मी झालं की त्याचा हिरवा रंग होतो. घातक नाही. टाळायचं असेल तर सोडा निम्मा कर आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घाल. लिंबाऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालावं असं मनात येईल, पण आगळात मीठ फार असतं.

मात्र मुलाला काजूची ॲलर्जी आहे तर भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया ज्या दुकानात सुट्या मिळतात, तिथे त्याच चमच्याने काजू मोजतात का ते बघ. बंद पाकीटच घे. नारळही त्याला चालतो ना, याची खात्री करून मगच चोथा घाल.

---

लाल_भोपळा | 16 एप्रिल, रात्री 9:02

नारळ चालतो, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. मनापासून आभार. मी तर पूर्ण डबा फेकायला निघाले होते.

---

गावठाण | 21 एप्रिल, सकाळी 8:15

आमच्याकडे ओव्हन नाही आणि लाइटचा भरवसा नाही. कढईत होतील का? अंडंही चालत नाही घरात.

---

चुलीपाशी | 21 एप्रिल, सकाळी 10:50

होतात. मी कितीतरी वर्षं कढईतच करत होते.

जाड बुडाची मोठी कढई, तळाला दोन बोटं जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती, वर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं नुसती तापू दे. मग स्टीलच्या ताटलीत पाच-सहा गोळे, आणि त्या ताटलीखाली आणखी एक ताटली पालथी घाल, नाहीतर बूड जळतं आणि वर कच्चं राहतं. मंद आचेवर 16 ते 18 मिनिटं. मधे झाकण उघडायचं नाही. उघडलंस की उष्णता जाते आणि झाकणाला जमलेलं पाणी कुकीवर पडतं. ती वाफ टिपायला मी झाकणाला आतून फडकं बांधते, टोकं वर घेऊन गाठ मारायची, ज्योतीपासून लांब.

अंड्याऐवजी जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजव, बुळबुळीत झालं की घाल. रंग थोडा सावळा येतो, कुकी किंचित ठिसूळ होते. जवस हलका भाजून घेतलास तर कच्चट वास जातो.

---

देवचाफा | 22 एप्रिल, दुपारी 4:00

एक वेगळा मुद्दा. धान्य नाही म्हणजे हलकं, वजन उतरवणारं, असा समज करून घेऊ नये. सुरंगींच्या प्रमाणाची बेरीज केली तर एका कुकीत साधारण 125 ते 130 कॅलरी येतात. काजू, तूप, चॉकलेट तिन्ही जड. लहान मुलीला दोन कुकीज आणि कपभर दूध म्हणजे भरपेट खाणं झालं. मला स्वतःला मधुमेह आहे. धान्य नसलं तरी यातली साखर साखरच असते आणि गूळही तसाच, म्हणून मी अर्धीच खाते. मुलीसाठी मात्र मनापासून शुभेच्छा.

---

सुरंगी | 22 एप्रिल, रात्री 9:30

@देवचाफा, हे लिहिलंत ते बरं झालं. डब्यावर चिठ्ठी लावून ठेवणार आहे, दिवसाला दोन.

---

सड्यावरचा | 22 एप्रिल, रात्री 10:15

सहज मनात आलं म्हणून लिहितो. काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आला. कोकोही त्याच खंडातला. तिकडे ते दोघे कधी एका परातीत आले असतील की नाही कोण जाणे. इथे येऊन एकत्र झाले, आणि नारळाचा चोथा त्यांना धरून ठेवतोय.

---

घाटावरची | 23 एप्रिल, सकाळी 7:40

किती छान लिहिलंत!

---

सुरंगी | 14 मे, रात्री 10:20

धागा वर काढतेय, कारण सांगायलाच हवं.

भाची आली. पहिल्याच संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात घेतलं. गोळे तिनेच वळले, वजनही तिनेच केलं, अडकित्ता मात्र मी हातात ठेवला. ओव्हनच्या काचेसमोर पाट टाकून बसली होती. निवायची वीस मिनिटं तिला फार लांब वाटली. पहिली कुकी मोडून अर्धी तिने मला दिली, मग आजीला विचारलं, "तुला पण हवी?" स्वतःच्या डब्यातलं दुसऱ्याला देता येणं तिच्यासाठी किती मोठं आहे ते मला त्या क्षणी कळलं. गेली दोन वर्षं सगळे तिला वेगळं काढून देत होते.

पोटाला काही त्रास झाला नाही. तिच्या आहारतज्ज्ञांना पूर्ण कृती पाठवली होती, त्यांनी तवकील आणि काजू दोन्हीला होकार दिला. राजगिरा सध्या नको म्हणाल्या, तेव्हा सड्यावरचा यांचा सल्ला योग्यच होता.

सादळण्याचं आता बरंच आटोक्यात आलंय. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरत नाही. मोठ्या डब्याऐवजी चार छोटे डबे केले, म्हणजे एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या तर 120 अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करून परत निवू द्यायच्या, पुन्हा कुरकुरीत होतात. पण पाऊस सुरू झाल्यावर काय?

---

पागोळी | 15 मे, सकाळी 6:50

वाचून डोळे भरून आले गं.

पावसात भाजून ठेवूच नकोस. चार महिने हवेत इतकं पाणी असतं की कुठलाही डबा पुरत नाही. गोळे वळून ट्रेवर कडक गोठव, मग पिशवीत भरून फ्रीजरमध्ये. लागतील तेवढे चार काढायचे आणि गोठलेलेच भाजायचे, दोन मिनिटं जास्त. दोन महिने सहज राहतात. लाइट बराच वेळ गेली आणि गोळे मऊ झाले तर परत गोठवू नको, अंडं आहे त्यात. त्याच दिवशी भाजून टाक.

---

तांबडीमाती | 15 मे, सकाळी 9:10

आठळ्यांचा पीठ कोणी घालून बघितलां काय? फणस पिकतत आता. आठळ्यो उकडून, सोलून, काप करून उन्हात कडकडीत सुकवायच्यो आणि दळायच्यो. तवकील विकत हाडूची गरज नाय पडूची असा माका वाटता.

---

सुरंगी | 15 मे, दुपारी 2:25

तांबडीमाती, आज सकाळीच एक कापा फणस फोडला. आठळ्या उकडून सोलल्या आहेत, भाची काप करतेय. पाऊस यायच्या आत चार कडक उन्हं मिळाली की वाळतील. तिला परवानगी आहे का ते तिच्या आहारतज्ज्ञांना आत्ताच विचारलंय. उत्तर आलं की दोन मोठे चमचे तवकीलच्या जागी घालून बघते आणि इथे लिहिते.